मधे उरतं ते लाकूड

दियामांतो चौकातून जाऊ लागली की कॉफीच्या दुकानाबाहेर बसलेले म्हातारे पाय खुर्चीखाली ओढून घेतात. सुरुवातीला ही थट्टा होती, आता सवय झाली आहे. कारण ती खरोखरच आधी माणसाच्या मांडीकडे बघते आणि मग तोंडाकडे. "बघ, नीट बघून घे," असं कोणी चिडवलं तर ती थांबते, पुन्हा बघते आणि म्हणते, "तुझं काय, तू उरलेल्या लाकडात बसशील." मग तो म्हातारा दिवसभर आपण तरुणपणी किती उंच होतो ते सांगत बसतो.

तिचा धंदाच तसा. आमच्या माव्रोपेत्रा गावात मेलेला माणूस काही कायमचा मातीत राहत नाही. तीन-चार वर्षांनी त्याची हाडं वर काढायची, वाइनने धुवायची, उन्हात वाळवायची आणि लाकडाच्या पेटीत घालून अस्थिघरात, त्या त्या घराच्या कोनाड्यात ठेवायची. त्या पेट्या दियामांतो करते. आधी तिचा बाप करायचा.

पेटी करायला काय अक्कल लागते, असं ज्याने कधी केली नाही त्याला वाटतं. आमचं अस्थिघर ज्या गवंड्याने बांधलं त्याने दगड वाचवायला कोनाडे आखूड ठेवले. देव त्याचं बरं करो, मी करणार नाही. माणसाचं सगळ्यात लांब हाड मांडीचं. ते आडवं मावलं तर बाकीचा माणूस मावतो, नाहीतर नाही. म्हणजे पेटी बाहेरून कोनाड्यात बसली पाहिजे आणि आतून मांडीला पुरली पाहिजे. स्तेरियोस, म्हणजे दियामांतोचा बाप, शिकवताना म्हणायचा, "बाहेरचं माप भिंत सांगते, आतलं माप मांडी सांगते, मधे उरतं ते लाकूड."

एकट्या माणसाची पेटी असेल तर अर्ध्या बोटाची फळी चालते. पण आमच्याकडे एका घराला एकच कोनाडा. नवरा आधी गेला तर त्याची पेटी तिथे थांबते, आणि बायकोची हाडं वर आली की दोघांना एका पेटीत घालतात. ती जोडपेटी. तिने सगळा कोनाडा भरतो आणि तरी आत जागा कमीच पडते, म्हणून फळी पाव बोटाची घ्यावी लागते. इतकी पातळ फळी खिळा मारला की चिरते, ओलीत ठेवली की पीळ खाते. त्यासाठी सुरूचं लाकूड निवडून, गाठ नसलेलं, सरळ रेषेचं घ्यायचं, पुरेसं वाळवायचं आणि खिळ्यांऐवजी खुंट्या आणि सरस वापरायचा. दियामांतो रंधा मारता मारता फळी उचलून खिडकीपाशी धरते, बोटाच्या पेराने ठोकते, आवाज आवडला नाही तर चुलीत घालते. तिच्या जोडपेट्या बघायला खालच्या गावांतले सुतार येतात. तिला ते आवडत नाही, दारातूनच हाकलते.

मी एवान्थिया. तिची शेजारीण आणि नात्याने काकी. माझा नवरा आणि स्तेरियोस चुलतभाऊ. आजोबांचं एकच घर, त्याच्या मधोमध कूड घालून दोघांनी दोन संसार केले. काड्या, माती, वर चुन्याचा हात, एवढीच ती भिंत. पलीकडे कोणी शिंकलं तर मी इकडून आशीर्वाद द्यायचे. त्यामुळे पलीकडे काय चालायचं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

स्तेरियोस बायकोला मारायचा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात अजूनही लोक "तो जरा तापट होता" म्हणतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तापट मी आहे. तो मारायचा. त्याची बायको असीमो माझ्या खांद्याएवढी, चिमणीसारखं अंग, आणि तो दारातून वाकून आत येणारा. हातात येईल त्याने मारायचा, बहुतेक वेळा रंध्याखालून निघालेल्या पट्टीने. मी तवा घेऊन कुडावर बडवायचे. "स्तेरियोस, थांब, नाहीतर मी येते तिकडे!" तो थांबायचा, आणि शांत आवाजात म्हणायचा, "एवान्थिया, तुझी भाजी करपतेय, ती बघ." कधी कधी मी खरंच जायचे. असीमोच मला दारातून परत पाठवायची. मी कॉफीच्या दुकानात जाऊन पुरुषांना सांगितलं, चर्चमध्ये जाऊन पाद्रीला सांगितलं. पुरुष म्हणाले, घरातली गोष्ट आहे. पाद्री नाऊम तेव्हा तरुण होता, नुकताच आला होता. तो म्हणाला, मी त्याच्याशी बोलेन. बोलला असेल. रविवारी स्तेरियोस त्याच्या शेजारी उभा राहून भजनं म्हणायचा, आणि आवाज खरंच गोड होता मेल्याचा.

दोन मुलं. थोरला लाम्ब्रोस, धाकटी दियामांतो. लाम्ब्रोस मिसरूड फुटताच जर्मनीला, श्टुटगार्टच्या कारखान्यात पळाला. पळाला म्हणते आहे, कारण तो पळालाच. मुलीला जर्मनी नव्हती. ती बापाच्या कारखान्यात शिरली. लोकांना वाटलं, पोरीला सुतारकीची आवड आहे. तिला आवड कसली, ती आईपासून त्याला लांब ठेवत होती. जोवर ती करवतीच्या दुसऱ्या टोकाला उभी असायची तोवर तो कारखान्यात असायचा. चार ठिकाणांहून स्थळं आली, तिने चारी वेळा नाही म्हटलं. गाव म्हणालं, हिची जीभ धारदार, कोण करून घेणार. मी म्हटलं, जा रे, तुम्हाला काय ठाऊक.

स्तेरियोस छपरावरून पडून मेला. त्याने आपली पेटी जिवंतपणीच करून ठेवली होती, एकट्याची असूनही पाव बोटाची, उजेडात धरली तर लालसर दिसेल अशी. चौथ्या वर्षी त्याला वर काढलं तर हाडं मेणासारखी पिवळी आणि स्वच्छ निघाली. आमच्याकडे असं मानतात की हाडं स्वच्छ निघाली म्हणजे माणूस स्वच्छ होता. बायका म्हणाल्या, "बघा, देवमाणूस." असीमो शेजारी उभी होती, हातात वाइनची वाटी. मी बोलले. मी म्हटलं, "माती नदीकाठची आहे, भुसभुशीत. त्यात गाढव पुरलं तरी स्वच्छ निघेल." त्यावरून माझ्याशी निम्मं गाव ईस्टरपर्यंत बोलत नव्हतं.

असीमो पुढे सात-आठ वर्षं जगली, आणि तीच तिची वर्षं. कोंबड्या पाळल्या, अंगणात टोमॅटो लावले, हसायला शिकली. मरताना आम्ही दोघी तिच्याजवळ होतो, दियामांतो आणि मी. तिने लेकीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला त्याच्याबरोबर घालू नका." आम्हाला वाटलं, मातीत म्हणते आहे. दियामांतो म्हणाली, "नाही आई, तुझी जागा वेगळी आहे." तेव्हा ती चिडली. आयुष्यात पहिल्यांदा चिडलेली बघितली मी तिला. "मातीत नाही गं. नंतर. पेटीत. मेल्यावर तरी मला त्याच्याबरोबर घालू नका." दियामांतो म्हणाली, "नाही घालणार." असीमोने मनगट सोडलं.

यंदा वसंतात तिची हाडं वर काढायची वेळ आली. लाम्ब्रोस श्टुटगार्टहून गाडी घेऊन आला. मोठं पोट, पातळ केस, बुटांना पॉलिश. पाद्री नाऊमच्या घरी बैठक झाली, कारण अस्थिघराचं सगळं तेच बघतात. मलाही बोलावलं होतं, म्हणजे मी गेले. पाद्रीणबाई, ख्रिसावी त्यांचं नाव, कॉफी देऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. त्या नेहमी भिंतीशीच उभ्या असतात. गावात त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही.

दियामांतोने सरळ सांगितलं. "आईला वेगळी पेटी. तिने सांगितलंय. काकी साक्षीदार आहे."

"कोनाडा एक आहे," पाद्रीबुवा म्हणाले.

"मग बाबांना बाहेर काढा."

लाम्ब्रोसने कपबशी खाली ठेवली. "वेड लागलंय का तुला? बाबांना बाहेर काढायचं? लोक काय म्हणतील? की स्तेरियोसच्या पोरांनी बापाला कोनाड्यातून हाकललं? त्या माणसाने अख्ख्या गावाच्या पेट्या केल्या!"

"पेट्या केल्या. आणखी काय काय केलं ते तुला माहीत आहे."

"झालं ते झालं. मेलेल्यांवर कसला राग?"

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "लाम्ब्रोस, तू होतास का रे इथे? श्टुटगार्टला ऐकू येत होतं का ते?"

"काकी, तुम्ही यात पडू नका."

"मी चाळीस वर्षं यातच पडले आहे. मधे कूड होता म्हणून, नाहीतर अंगावर पडले असते."

पाद्रीबुवांनी हात वर केला. देवाने ज्यांना जोडलं त्यांना माणसाने तोडू नये, असं ते म्हणाले. मरणाच्या वेळी माणसं काहीबाही बोलतात, ताप असतो, असंही म्हणाले. शिवाय आजवर या गावात नवरा-बायकोला वेगळं ठेवलेलं नाही आणि आपण सुरुवात करणार नाही. "जोडपेटी कर, दियामांतो. तुझ्या हातची सगळ्यात चांगली कर. हीच तुझ्या आईची सेवा."

दियामांतोने आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. कोनाडा भरेल अशी करते."

एवढंच. उठली आणि निघाली. मी तिच्यामागे धावले, भर चौकात तिला गाठलं. "बरं? बरं म्हणालीस तू? मरत्या आईला शब्द दिलास, आणि त्या दोन दाढीवाल्यांनी..." लाम्ब्रोसला दाढी नव्हती, पण मला तेव्हा सुचलं नाही. "दोन माणसांनी डोळे वटारले की 'बरं'? तुझ्या बापाने मारलं तेव्हाही तुझी आई 'बरं'च म्हणायची!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे गेले. "काकी," ती म्हणाली, "मला लाकूड बघायला जायचंय." आणि गेली. म्हातारे सगळे बघत होते, पाय खुर्चीखाली. मी त्यांनाही चार शब्द ऐकवले.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. कूड होताच, पलीकडून सगळं ऐकू येत होतं. करवतीचा आवाज मात्र वेगळा वाटला. सुरू कापताना करवत खसखसते, ही घोगरी चालत होती. अंगणात येणारा भुसा नेहमीसारखा पिवळट नव्हता, काळपट होता. अक्रोड. जोडपेटीला अक्रोड कोणी घेत नाही, पातळ कापला की त्याच्या चिरफळ्या उडतात. मला वाटलं, भावाने जर्मनीचा पैसा दाखवून महागातलं लाकूड घ्यायला लावलं असेल. लाम्ब्रोसला वाटलं, बहीण शेवटी वळणावर आली. तो कॉफीच्या दुकानात सांगत सुटला, "अक्रोडाची करते आहे. बाबांना शोभेल अशी." माझं डोकं आणखी फिरलं.

शनिवारी सकाळी असीमोला वर काढलं. खणायला दोन माणसं, बाकी आम्ही बायका. पांढऱ्या चादरीवर एकेक हाड ठेवायचं, वाइनने धुवायचं, पुसायचं. पाद्रीणबाई वाइनचं भांडं धरून होत्या. माती तीच नदीकाठची. हाडं स्वच्छ निघाली, म्हणून कुणीतरी "देवमाणूस" म्हणायला तोंड उघडलं, आणि मग बरगड्या आल्या.

एका बरगडीला गाठ होती, लाकडाला असते तशी. दुसरीला होती. तिसरी मोडून वाकडी जुळली होती. डाव्या हाताच्या हाडाला कोपराखाली बाक होता. मी ते हातात घेतलं आणि मला तो दिवस आठवला, त्या आठवड्यात ती एका हाताने कणीक मळत होती आणि म्हणत होती, कोंबडीवर पाय पडला, घसरले. मी ते हाड उंच धरलं. "बघा," मी म्हटलं. "बघून घ्या नीट. घरातली गोष्ट आहे ना? ही बघा घरातली गोष्ट."

एक जण म्हणाली, "कष्ट केले बिचारीने." कष्ट! मी तिच्या अंगावर धावून गेले असते, पण दियामांतोने माझ्या हातातून ते हाड काढून घेतलं, पुसलं आणि चादरीवर ठेवलं. लाम्ब्रोस सुरूच्या झाडांकडे तोंड करून सिगारेट ओढत होता. पाद्रीणबाईंच्या हातातलं भांडं कलंडलं आणि वाइन त्यांच्या बुटांवर सांडली. त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग पेटी आणायला लाम्ब्रोस आणि एक चुलतभाऊ कारखान्यात गेले. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे लालबुंद. "काय गं, एवढी जड कशी?" लाम्ब्रोस धापा टाकत म्हणाला.

"अक्रोड आहे," दियामांतो म्हणाली.

सुंदर पेटी होती. इतकी सुंदर की मला तिचा आणखी राग आला. अस्थिघरात बापाची जुनी पेटी बाजूला काढून दियामांतोने नवी आधी रिकामीच कोनाड्यात सरकवून दाखवली. कागद जाणार नाही इतकी नेमकी बसली. पाद्रीबुवांनी मान डोलावली. "माप म्हणजे माप," ते म्हणाले. मग ती बाहेर काढली, ओट्यावर ठेवली, झाकण उचललं.

मी सगळ्यात जवळ होते, म्हणून आधी मला दिसलं. फळीची कड दिसली. तीन बोटं जाड. चारी बाजूंनी, आणि तळही तसाच. बाहेरून जोडपेटी, आतून लहान पोराच्या पाळण्याएवढी. मी तोंड उघडलं आणि दियामांतोने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं ते मलाच माहीत.

तिने आईला ठेवलं. मांडीची हाडं खाली, दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा राहिली. मग बाकीची, मग वर कवटी, पांढऱ्या रुमालात. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, वाइन शिंपडली. लोकांना वाटलं, बाई लहान, म्हणून पेटी लवकर भरली. मग पाद्रीबुवांनी स्तेरियोसची जुनी पेटी उघडली आणि लाम्ब्रोसने बापाचं मांडीचं हाड उचलून आत धरलं.

ते मावलं नाही.

त्याने उलटं करून बघितलं. मग तिरकं करून बघितलं. एक टोक आईच्या रुमालाला टेकलं आणि दुसरं काठाबाहेर राहिलं. "मावत नाही," तो म्हणाला. "अगं, मावत नाही हे!"

"जरा दाबून बघ," पाद्रीबुवा म्हणाले.

"काय दाबून? लाकूड आहे ते!" लाम्ब्रोस बहिणीकडे वळला. "माप चुकलं तुझं! गावाच्या पेट्या करतेस आणि आपल्या बापाचं माप चुकलीस! एवढी जाड फळी कोण घेतं? धंदा विसरलीस का?"

"माप चुकलं नाही," दियामांतो म्हणाली. "आईचंच माप घेतलंय."

"पाद्रीबुवांनी जोडपेटी सांगितली होती!"

"मी म्हटलं होतं, कोनाडा भरेल अशी करते. भरला की नाही?" तिचा आवाज चढत गेला. आयुष्यभर मी तिला फटकळ ऐकलं होतं, असं ओरडताना नाही. "तोंडाने सांगून बघितलं मी तुम्हाला. तिच्या तोंडचे शब्द सांगितले. तुम्ही म्हणालात ताप होता. त्या बरगड्यांनाही ताप होता का? आत्ता बघितल्यात ना चादरीवर? याच पायाने लाथ घातली तिच्या छातीत, जे तुझ्या हातात आहे ना लाम्ब्रोस, तेच. मी तिथे होते. मी नऊ वर्षांची होते आणि मी तिथे होते. हे हाड तिच्याजवळ जाणार नाही. मी ते जाऊ देणार नाही."

लाम्ब्रोसच्या हातातलं हाड खाली आलं. ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"पेटी आतून तासता येईल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. असा एक तरी असतोच.

दियामांतोने झाकण उचललं, पेटीवर बसवलं, खिशातून अक्रोडाच्या खुंट्या काढल्या आणि लाकडी हातोड्याने एकेक ठोकली. सगळे उभे राहून बघत होते. झाल्यावर ती म्हणाली, "आता उघडायची तर कुऱ्हाड लागेल. मेलेल्या बाईच्या पेटीवर कोण घालतो कुऱ्हाड? या पुढे."

कोणी आलं नाही. ती आणि मी, दोघींनी मिळून पेटी उचलली. माझी पाठ अजून दुखते. कोनाड्यात सरकवली आणि ती बसली.

मग प्रश्न राहिला स्तेरियोसचा. त्याच्या जुन्या पेटीला आता जागा नव्हती. लाम्ब्रोस ती छातीशी धरून उभा होता आणि एकेकाकडे बघत होता. कोणी आपल्या कोनाड्यात जरा सरकून घ्याल का, असं त्याने विचारलं. हीच ती माणसं, जी स्तेरियोसच्या भजनांची वाहवा करायची, त्याच्या हाडांना देवमाणसाची म्हणायची. एकाचा कोनाडा ओला होता, एकाची सून यंदाच गेली होती, एकाला अचानक बकऱ्या आठवल्या. मी एकेकाकडे बघत होते आणि मला इतका राग येत होता की आनंद व्हायला हवा होता तो झालाच नाही. मेल्यावर नको होता तर जिवंतपणी कसा चालला तुम्हाला?

शेवटी पाद्रीबुवांनी ती पेटी दारामागे जमिनीवर ठेवायला सांगितली, बेवारशांच्या पेट्या असतात तिथे. लाम्ब्रोस मेलेल्याच्या नावाने वाटतात ते उकडलेले गहू खायलाही थांबला नाही. चर्चच्या दारात वाटायचे मनुका आणि डाळिंबाचे दाणे घातलेले गहू तसेच राहिले, मी घरी नेऊन कोंबड्यांना घातले. पाद्रीबुवा अजून दियामांतोशी बोलत नाहीत. प्रवचनात मात्र आज्ञाधारकपणावर पुष्कळ बोलतात.

तीन आठवडे झाले असतील. मी तिच्या कारखान्यात दारापाशी शेंगा सोलत बसले होते. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. सुरुवात मीच केली, शिव्या देऊन. तेवढ्यात पाद्रीणबाई आल्या. एकट्या, दुपारच्या, काळा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. मला बघून थबकल्या, आणि मग आत आल्याच.

"दियामांतो," त्या म्हणाल्या, "मला एक पेटी हवी आहे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. आधी करून ठेवलेली बरी." त्यांनी एप्रनच्या खिशातून दोरी काढली आणि ओट्यावर ठेवली. दोरीला गाठ मारलेली होती. "ते जेवून झोपले होते, तेव्हा मोजलं. हा त्यांचा पाय. हा आत मावता कामा नये."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटत होतं, या गावात जे काही चालतं ते मला ऐकू येतं.

दियामांतोने दोरी उचलली, ताणली, गाठीवर अंगठा फिरवला. मग उठून भिंतीशी लावलेल्या फळ्यांकडे गेली आणि म्हणाली, "अक्रोड देऊ की सुरू?"

"कुठलंही चालेल," पाद्रीणबाई म्हणाल्या. "जाड दे."